मिदेल्तहून आलेलं विरजण

इत्तो ऊहमू नावाची ती मुलगी नेमकं काय साधू पाहते आहे, हे लल्ला रहीमूंना काही केल्या कळत नव्हतं. आणि जे कळत नाही त्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती. लल्ला म्हणजे बाई; त्यांचा उभा जन्म तेतुआनच्या शाळेत गणित शिकवण्यात गेला होता. मुलाचं उत्तर बरोबर आलं तरी त्या खडू पुढे करून म्हणायच्या, "पायऱ्या दाखव." ज्याने शेजाऱ्याच्या वहीतून उत्तर उचललेलं असायचं तो तिथेच गडबडायचा. ज्याने स्वतः सोडवलेलं असायचं त्याचा मात्र अर्धा तास उगाचच जायचा. पण त्याला लल्ला रहीमूंचा इलाज नव्हता.

आता निवृत्त होऊन शाळा सुटली होती आणि फनार हाती आलं होतं.

फनार म्हणजे दीपस्तंभ. काही शिक्षकांनी मिळून मुलांसाठी केलेल्या प्रोग्रामिंगच्या भाषेचं ते नाव. मूल आपल्या घरच्या भाषेत, आपल्या लिपीत प्रोग्राम लिहितं. यंत्राला अर्थात त्यातलं अक्षरही कळत नाही. म्हणून मध्ये एक दुभाष्या लागतो. तो मुलाचं लिखाण वाचतो आणि यंत्राच्या बोलीत उतरवतो. या दुभाष्याला कंपायलर म्हणतात. गंमत अशी, की फनारचा कंपायलर स्वतःही फनारमध्येच लिहिलेला होता. मग त्याचं लिखाण यंत्राच्या बोलीत कोण उतरवणार? तर त्याच्या आधीचा कंपायलर. दही लावायला जसं कालचं दही लागतं, तसं नवा कंपायलर बांधायला जुना लागायचा. मूळ मजकूर हे दूध, जुना कंपायलर हे विरजण.

आणि विरजणाची भीती ज्याने दही लावलंय त्यालाच कळते. विरजणात कोणी काही मिसळलं, तर ते आजच्या दह्यात उतरतं, त्यातून उद्याच्या, त्यातून परवाच्या. मग दुधाकडे कितीही निरखून पाहा, दोष सापडायचा नाही. कारण दोष दुधात नसतोच. फनार आता देशभरच्या कितीतरी शाळांमध्ये पोहोचलं होतं. एकदा वाईट विरजण बाहेर पडलं की प्रत्येक वर्गातल्या प्रत्येक यंत्रात ते गेलंच म्हणून समजायचं.

म्हणून लल्ला रहीमूंनी फकीर पाळला होता.

फकीर हा फनार चालवणाऱ्या शिक्षकांच्या संस्थेच्या माडीवरच्या खोलीतला एक जुना, जाडजूड संगणक. त्याला इंटरनेटची तार जोडायची नाही, असा लल्ला रहीमूंचा नियम. जगापासून अलिप्त राहतो म्हणून तो फकीर. मूळ मजकूर पेनड्राइव्हवर घालून त्याच्यापाशी न्यायचा, कंपायलर तिथेच बांधायचा आणि पेनड्राइव्हवरच परत आणायचा. फकिराने बांधलेला कंपायलर तेवढा खरा, बाकीचे सगळे कच्चे.

एकच अडचण होती. फकीर कंपायलर मुळापासून बांधायला बसला, की सकाळी लावलेलं काम दिवस कलला तरी चाललेलं असायचं. त्यामुळे मुळापासून बांधायच्या भानगडीत कोणी पडत नसे. जो भाग बदलला तेवढाच नव्याने बांधायचा, बाकीचे आधी तयार झालेले भाग तसेच जोडून टाकायचे. कोणता भाग बदलला हे बांधणीची यंत्रणा आपणच ओळखायची. नव्या मदतनिसांना हा सगळा खटाटोप समजेपर्यंत त्यांचा उत्साह आटून जाई. आले तसे ते निघून जात.

इत्तो मात्र गेली नाही. अॅटलासच्या डोंगरात, मिदेल्तच्याही पलीकडच्या कुठल्याशा गावातून ती लिहायची. आधी तिने किरकोळ चुका सुधारल्या. मग एके दिवशी तिने बांधणीची अख्खी नवी यंत्रणाच पाठवून दिली. कोणी मागितली नव्हती. तिच्या यंत्रणेने कंपायलर मुळापासून बांधायला चहा उकळून गाळेपर्यंतचा वेळ पुरत होता.

"चहा," लल्ला रहीमू पुटपुटल्या. "आम्हाला दिवस लागतो आणि हिला चहा."

समोरच्या मेजावर सी लार्बी पावत्या लावत बसले होते. ते संस्थेचे चिटणीस; नावापुढचं सी म्हणजे श्रीयुत. पूर्वी पोस्टात होते आणि अजूनही प्रत्येक कागदावर शिक्का मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते म्हणाले, "चांगलंच आहे की. आमच्या घरी चहालाही दिवस लागतो."

लल्ला रहीमूंना हसू आलं नाही. त्यांनी आपला हिशेब मांडला. बांधणीची यंत्रणा सुधारणं हे प्रोग्रामिंगमधलं सगळ्यात नीरस काम. नाव होत नाही, दिसत नाही, मुलं टाळ्या वाजवत नाहीत. तरुण माणसांना चमकदार कामं हवी असतात. ही मुलगी गटारं साफ करायला आपणहून पुढे का येते? बरं, तोंड दाखवत नाही. सभेला कॅमेरा बंद. आवाजही क्वचित, तोसुद्धा तुटक. उत्तरं मात्र लगेच, आणि फार नम्र.

सी लार्बींनी आठवण करून दिली, की लल्ला स्वतःही इथे बिनपगारीच राबतात आणि त्यांना तर नम्रताही जमत नाही.

"मला तुम्ही पाहता आहात, सी लार्बी. तिला कोणी पाहिलंय?"

सी लार्बींनी एका पावतीवर शिक्का मारला.

शनिवारी संस्थेची सभा होती. इत्तोची यंत्रणा स्वीकारायची का, आणि पुढच्या आवृत्तीपासून तिलाही कंपायलर बांधून प्रसिद्ध करण्याचा अधिकार द्यायचा का, हे त्या दिवशी ठरणार होतं. लल्ला रहीमूंच्या शब्दापुढे कोणी जाणार नव्हतं. तेव्हा निकाल खरं तर त्यांच्याच हाती होता. आणि एकीकडे त्यांना हेही ठाऊक होतं, की ही मुलगी गेली तर फनारची मोट ओढायला दुसरं कोणी रांगेत उभं नाही.

म्हणून त्यांनी इत्तोकडे पायऱ्या मागितल्या.

चाचणी सोपी होती. दूध एकच, विरजण एकच, तर दही एकच यायला हवं. यंत्राच्या जगात ते अगदी अक्षर न् अक्षर एकसारखं यायला हवं, कारण यंत्राला लहर नसते. चालू आवृत्तीचा मूळ मजकूर इत्तोने आपल्या नव्या यंत्रणेने तिकडे बांधावा. फकिरापाशी त्याच मजकुराचा, त्याच जुन्या कंपायलरने बांधलेला कंपायलर होताच. तो तर शाळांमध्ये गेलेला. दोन्ही शेजारी ठेवायचे आणि ताडून पाहायचे.

इत्तोने त्याच दिवशी आपला कंपायलर पाठवला. लल्ला रहीमूंनी तो पेनड्राइव्हवर घेतला, फकिरापाशी नेला आणि तुलना लावली.

जुळले नाहीत.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावली. तरी जुळले नाहीत. सगळा कंपायलर सारखा होता, फक्त एका ठिकाणी फरक होता. तो भाग कोणता हे शोधायला त्यांना संध्याकाळ लागली. मूल प्रोग्राममध्ये आकडे लिहितं ते वाचणारा भाग होता तो.

खिडकीबाहेर दर्साच्या डोंगरावरून उन्हं उतरत होती. लल्ला रहीमूंना गार वाटलं. ज्याला फसवायचं असेल तो चित्रं काढणारा भाग कशाला बदलेल? तो आकड्यांनाच हात घालणार. सगळं जिथून आत येतं त्या दारालाच.

"बघा," त्या सी लार्बींना म्हणाल्या. "अख्ख्या घरात एकच वीट वेगळी, आणि तीही उंबरठ्याची."

सी लार्बींनी पडद्यावरच्या आकड्यांच्या राशीकडे पाहिलं. त्यातलं त्यांना काहीच कळलं नाही. तरी त्यांनी हळूच सुचवलं, की आधी मुलीला विचारावं. लल्ला रहीमूंनी मान हलवली. वहीतून उत्तर उचलणाऱ्या मुलाला आधी विचारलं की तो वही लपवतो.

त्या रात्री त्यांनी शिक्षकांच्या गटावर दोन ओळी लिहिल्या: मिदेल्तहून आलेला कंपायलर फकिराच्या कंपायलरशी जुळत नाही. शनिवारपर्यंत तो कोणी वापरू नये.

बस, एवढंच. आरोप नव्हता. पण शिक्षकांना ओळींमधलं वाचता येतं. सकाळपर्यंत गटावर मोहोळ उठलं होतं. कोणी लिहिलं, आम्हाला आधीपासूनच वाटत होतं. कोणी विचारलं, ही खरंच बाई आहे का? ही खरंच मिदेल्तची आहे का? कोणी म्हणालं, शनिवारची वाट कशाला, आजच काढून टाका. इत्तोच्या बाजूने एक शब्द नव्हता. खुद्द इत्तोही गप्प होती.

त्या गलक्यात एक संदेश वेगळ्याच विषयाचा होता. अल-अराईशचे सी हस्सून नावाचे शिक्षक नेहमीचीच तक्रार घेऊन आले होते. नव्या आवृत्तीत शून्याने सुरू होणाऱ्या आकड्यांची चूक सुधारल्याचं तुम्ही सांगता, पण आमच्या वर्गात ती अजून तशीच आहे. मुलांनी ०७ लिहिलं तर चालतं, ०८ लिहिलं की कंपायलर अडून बसतो. तारीख लिहायची झाली तर आम्ही काय महिन्याच्या सातव्या दिवशीच थांबायचं?

लल्ला रहीमूंनी त्यांना पूर्वी दोनदा उत्तर दिलं होतं, की तुमच्याकडे जुनी आवृत्ती राहिली असेल, नवी घ्या. पुढे शून्य दिसलं की कंपायलर आठ आणि नऊ हे अंकच नसलेल्या मोजणीने वाचायचा; ती चूक त्यांनी आपल्या हाताने सुधारली होती. आता तिसऱ्यांदा तेच लिहायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी तो संदेश वर सरकवला.

दुपारी त्यांनी इत्तोला एक ओळ लिहिली. आकडे वाचणाऱ्या भागाला तुम्ही हात लावलात का?

उत्तर यायला या वेळी उशीर झाला. पण आलं तेव्हा ते नम्र नव्हतं.

"नाही लावला, लल्ला. माझी यंत्रणा घड्याळ पाहत नाही, मजकूर पाहते. तुमच्या फकिराला विचारा, तो भाग त्याने शेवटचा कधी बांधला. मी माझ्या पायऱ्या दाखवल्या. आता त्याच्या बघा."

लल्ला रहीमूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. फकिराच्या पायऱ्या! त्यांनी हे शब्द सी लार्बींना वाचून दाखवले. चोर तो चोर आणि वर शिरजोर, असं काहीतरी ते म्हणतील अशी त्यांची अपेक्षा होती. सी लार्बी म्हणाले, "मग बघा ना. बघायला काय पैसे पडतात?"

बघणं भाग होतं. एवढी वर्षं पोरांना जे करायला लावलं ते स्वतः टाळायचं म्हणजे काय!

इथे फकीर काम कसा करायचा ते सांगायला हवं. कोणता भाग बदलला हे ओळखायची त्याची रीत साधी होती. प्रत्येक भागाचा एक मूळ मजकूर असतो आणि एक त्यावरून तयार केलेला माल. दोन्हींवर वेळ नोंदलेली असते. मजकुरावरची वेळ मालानंतरची असेल, तर मधल्या काळात कोणीतरी मजकूर बदलला आहे, तेव्हा माल नव्याने बनवायचा. मजकूर मालाच्या आधीचा असेल, तर काही बदललेलं नाही, जुनाच माल चालेल. भाकरीवरची वेळ पिठानंतरची असेल तर ती याच पिठाची, इतकी सरळ गोष्ट.

लल्ला रहीमूंनी आकडे वाचणाऱ्या भागावरच्या वेळा काढल्या. दोन्ही एकाच दिवसाच्या, रमझान लागायच्या आदल्या सोमवारच्या. माल साडेदहाचा. मजकूर दहाला दहा मिनिटं कमी असतानाचा.

म्हणजे मजकूर आधी, माल नंतर. सगळं जागच्या जागी. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. फकीर निर्दोष होता. आता फक्त शनिवारसाठी चार ओळी लिहायच्या होत्या.

त्यांनी कागद पुढे ओढला. पण पेन टेकेना. काहीतरी टोचत होतं. तो सोमवार त्यांना आठवत होता. ०८ची चूक सुधारली ती त्याच दिवशी. सकाळी त्याच भागात एक किरकोळ बदल करून कंपायलर बांधला होता. बांधून झाल्यावर सी हस्सूनांचं पहिलं पत्र वाचलं होतं. मग इथेच, याच खुर्चीत बसून, फकिरावरच एक ओळ बदलली होती. मग पुन्हा बांधायला लावलं होतं. फकिराने क्षणात काम संपल्याचं सांगितलं होतं. एका ओळीचीच तर दुरुस्ती, म्हणून त्यांनी ती तपासलीही नव्हती. सी लार्बी बाजारात बदाम घ्यायला जायचं म्हणून किल्ली हातात घेऊन दाराशी उभे होते.

आधी बांधणी, मग दुरुस्ती. मग दुरुस्तीवरची वेळ बांधणीच्या आधीची कशी?

गणिताच्या माणसाला असा आकडा झोपू देत नाही. त्यांनी वेळा पुन्हा पाहिल्या. कोणी बाहेरून फकिराला हात लावला असेल? पण त्याला तारच नाही. खोलीची किल्ली दोघांकडेच. एक त्यांच्या पिशवीत, दुसरी... त्यांची नजर नकळत सी लार्बींच्या पाठीकडे गेली. पोस्टातला माणूस, शिक्के मारणारा, पावत्या लावणारा. याला आकडे वाचणाऱ्या भागाशी काय करायचंय? पण इत्तोला तरी काय करायचं होतं? संशयाची एक वाईट खोड असते. त्याला बसायला जागा दिली की तो शेजारच्या खुर्चीवरही पाय ठेवतो.

तेवढ्यात सी लार्बींचा फोन वाजला. शनिवारच्या सभेची वेळ कोणीतरी विचारत होतं.

"पाच वाजता," सी लार्बी म्हणाले. मग थोडं ऐकून, वैतागून म्हणाले, "नवीन वेळेने, नवीन! जुनी वेळ ईदला संपली ना! घड्याळ पुढे केलं नाहीस का अजून?"

लल्ला रहीमूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

देशातल्या प्रत्येक घरात हा प्रश्न असतो. जुनी वेळ की नवी? सरकार वर्षभर घड्याळ एक तास पुढे ठेवतं. रमझान आला की एक तास मागे घेतं. ईद झाली की पुन्हा पुढे. शहाण्या यंत्रांना हे इंटरनेटवरून कळतं आणि ती आपलं आपण जमवून घेतात. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र खुर्चीवर चढावं लागतं. आणि ज्या यंत्राला तारच जोडलेली नाही, त्यालाही कोणीतरी हातानेच सांगावं लागतं.

"सी लार्बी," त्या म्हणाल्या. "रमझानआधी फकिराचं घड्याळ कोणी मागे केलं?"

"मीच. दर वर्षी मीच करतो. पोस्टातली सवय." त्यांना हा प्रश्नच विचित्र वाटला. "तुम्ही इथेच तर बसला होतात. तुमच्या खांद्यावरून हात घालून केलं. तुम्ही ओरडलातसुद्धा, की काम करू द्या."

"कधी? सकाळी की निघताना?"

"तुमची पहिली बांधणी झाली आणि तुम्ही ते अल-अराईशचं पत्र वाचत होतात ना, तेव्हा. भिंतीवरचं आधी केलं, मग फकिराचं."

सगळी बेरीज उलगडली. साडेदहाला माल तयार झाला. मग सी लार्बींनी घड्याळ एक तास मागे नेलं. मग लल्ला रहीमूंनी मजकूर दुरुस्त केला आणि फकिराने त्यावर मागच्या तासाची वेळ टाकली. दुरुस्ती नंतरची, पण कागदोपत्री आधीची. बांधायला सांगितलं तेव्हा फकिराने इमानेइतबारे वेळा पाहिल्या. भाकरी पिठाच्या नंतरची, मग नवीन कशाला भाजायची? त्याने जुनाच भाग जोडून दिला. पुढे त्या भागाला कोणी हात लावला नाही आणि मुळापासून बांधायला कोणाला सवड नव्हती. त्यामुळे ती शिळी भाकरी तशीच शाळाशाळांमध्ये गेली. अल-अराईशच्या मुलांना ०८ लिहिता येईना, ते खरंच येत नव्हतं.

तार असती तर घड्याळाला हात लागलाच नसता. यंत्र आतून एकच अखंड काळ मोजत राहतं, तास पुढेमागे फक्त तोंडावर दाखवतं. तार लल्ला रहीमूंनी काढली होती. कोणी आत शिरू नये म्हणून.

सी लार्बी बिचारे पांढरेफटक पडले होते. "माझं काही चुकलं का, लल्ला?"

"नाही," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "तुमच्यावरही घटकाभर संशय घेतला होता मी."

सी लार्बींनी जरा विचार केला. "माझ्यावर? कंपायलर बिघडवल्याचा?" त्यांचा चेहरा उजळला. "घरी सांगतो. बायकोला वाटतं मला टीव्हीसुद्धा लावता येत नाही."

पण नुसता उलगडा म्हणजे सिद्धता नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी लल्ला रहीमूंनी फकिरावरचा सगळा तयार माल पुसून टाकला आणि कंपायलर मुळापासून बांधायला लावला. दिवसभर त्या खुर्चीवरून हलल्या नाहीत. सी लार्बींनी खालून बिसारा, म्हणजे कडधान्याचं सूप, आणि पाव आणून दिला, तो तिथेच खाल्ला. फकिराचा पंखा घरघरत होता. मध्येच त्यांच्या मनात येई, अजूनही जुळला नाही तर? आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण तो जुळावा म्हणून वाट पाहतो आहोत. परवा याच खुर्चीत त्या जुळू नये म्हणून बसल्या होत्या.

दिवस मावळायच्या आत बांधणी संपली. त्यांनी नवा कंपायलर शेजारी ठेवून इत्तोच्या कंपायलरशी तुलना लावली.

अक्षर न् अक्षर सारखे.

सी लार्बी म्हणाले, आता शनिवारी सभेत सांगून टाका, म्हणजे झालं. लल्ला रहीमूंना ते पटलं नाही. बदनामी गटावर झाली होती, सभेत नाही. आणि शनिवार अजून दूर होता. त्यांनी तिथेच फोन काढला आणि लिहायला घेतलं. आधी 'काही तांत्रिक कारणामुळे' असं लिहिलं. ते खोडलं. मग साधं लिहिलं: मिदेल्तहून आलेला कंपायलर बरोबर आहे. चूक फकिराची होती, आणि फकिरावर नजर ठेवायचं काम माझं होतं. शाळांमध्ये गेलेला कंपायलर काढून टाकावा आणि इत्तो ऊहमू यांनी बांधलेला वापरावा. सी हस्सून यांनी तीनदा खरं सांगितलं, मी ऐकलं नाही. त्यांच्या वर्गाला आता महिना पूर्ण करता येईल.

पाठवून झाल्यावर त्यांनी इत्तोला फोन लावला. पहिल्यांदाच. बराच वेळ नुसती खरखर आली, मग एक बारीक आवाज.

"थांबा, लल्ला, छपरावर जाते. खाली ऐकू येत नाही." मग पावलं, दार, वारा. "हं, बोला."

लल्ला रहीमूंनी जे लिहिलं होतं ते तोंडानेही सांगितलं.

"दोन दिवस," इत्तो म्हणाली, "माझ्या शाळेतल्या लोकांनी मला विचारलं, की तू काय केलंस म्हणून. हेडमास्तरांनीसुद्धा."

"त्यांना मी लिहीन. तुझ्या शाळेला, माझ्या नावाने."

"लिहा." तिने नको म्हटलं नाही, हे लल्ला रहीमूंना आवडलं.

मग जो प्रश्न कधीचा मनात घोळत होता तो त्यांनी विचारला. एवढी सगळी कामं सोडून तिने बांधणीच का हाती घेतली?

इत्तो हसली. तिने सांगितलं ते असं. ती तिथल्या शाळेत शिकवते. तिचा लॅपटॉप जुना आहे, त्याचा पंखा मेलेला. फनार बांधायला लावलं की तो तव्यासारखा तापायचा. हिवाळ्यात ती तो खिडकीच्या दगडावर ठेवायची, बाहेर बर्फ असायचं म्हणून. पण दुपारी वीज गेली की सगळं पहिल्यापासून. एक चूक सुधारायची तर आठवडा जाई. "मला फनारवर काम करायचं होतं, लल्ला. ते करायचं तर आधी हेच करावं लागलं. कॅमेरा लावला की आवाज जातो, म्हणून तो बंद."

इतकं साधं होतं सगळं. आणि ते विचारायला एक फोन पुरला असता.

"शनिवारी तुझी यंत्रणा घेतो आहोत," लल्ला रहीमू म्हणाल्या. "अधिकारही तुला. पण एक अट आहे. यापुढे प्रत्येक आवृत्ती दोन ठिकाणी बांधायची, मुळापासून. एक तुझ्याकडे, एक इथे. दोन्ही जुळल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही."

"म्हणजे अजून माझ्यावर विश्वास नाही."

"नाही. तुझ्यावर नाही आणि माझ्यावरही नाही."

वारा जोरात आला आणि पुढचे शब्द तुटक तुटक पोहोचले. "चालेल. पण मग... आजची तुमची बांधणी... मला पाठवा. मी अजून पाहिली नाही."

"अगं, जुळलीये ती. आत्ताच सांगितलं ना."

"तुम्ही सांगितलंत," इत्तो म्हणाली. आता आवाज स्वच्छ आला. "पायऱ्या दाखवा, लल्ला."

लल्ला रहीमूंनी फोन खांद्याशी धरला, फकिरातून पेनड्राइव्ह काढला आणि दुसऱ्या संगणकाला लावून इत्तोला फाईल पाठवायला घेतली. सी लार्बी खिडक्या लावत होते. फकिरासमोर ते जरा घुटमळले.

"याचं घड्याळ पुढच्या रमझानला काय करायचं?"

"हात लावायचा नाही," लल्ला रहीमू म्हणाल्या.

"मग हा कोणत्या वेळेने चालणार?"

"याच. आता त्याला वेळ विचारायचं काम उरलं नाही."

सी लार्बींना ते काही पटलं नाही. दाराशी जाऊन त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग फकिराच्या पडद्यावर पाहिलं आणि दोन्ही जुळतात याची खात्री करूनच फकिरावरचा दिवा मालवला. फोनवर इत्तो फाईल उतरण्याची वाट पाहत होती.